टेस्टोस्टेरॉन: आठवड्याचं इंजेक्शन की तीन महिन्यांचं?

काठावरचा: टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असल्याने त्याचं एनन्थेट हे इंजेक्शन 250 मिग्रॅ दर 3 आठवड्यांनी चालू आहे. पहिले चार-पाच दिवस चिडचिड आणि तेलकट चेहरा, शेवटच्या आठवड्यात पार गळाठा. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 51 टक्के. तीन-एक महिने पुरणाऱ्या अनडेकॅनोएट या इंजेक्शनवर जावं का?

तिसरापहर: औषध बदलण्याआधी अंतर बदला. एनन्थेटचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण साडेचार दिवसांचं. 21 दिवसांनी शंभरातले चारच उरतात, म्हणजे तिसरा आठवडा तुम्ही जवळपास औषधाविना काढता. दर आठवड्याला घेतलं तर पुढच्या सुईच्या वेळी एक तृतीयांश शिल्लक असतं.

एकूण डोस तेवढाच ठेवला तर आठवड्याला साधारण 80 मिग्रॅ, म्हणजे 250 मिग्रॅ/मिली तेलाचे 0.32 मिली. सिरिंज 1 मिलीचीच हवी. 5 मिलीच्या सिरिंजवर एवढं मोजणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. तेल जाड सुईने ओढा, टोचायला 23 किंवा 25 गेज. गोची अँप्युलची (फोडायच्या काचेच्या कुपीची) आहे: एकदा फोडली की उरलेलं फेकायचं, सिरिंजमध्ये भरून पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही. अनेक डोसांची व्हायल (रबरी बुचाची बाटली) मिळत असेल तर डॉक्टरांकडून तीच लिहून घ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, खडे धरतात. धरलेच तर हाताच्या उबेत फिरवून विरघळू द्या.

सांजवेळ: वरच्याशी सहमत. अनडेकॅनोएट वाईट नाही, पण एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. हिमॅटोक्रिट 54 च्या वर गेलं तर उपचार थांबवावे लागतात. एनन्थेट काही आठवड्यांत ओसरतं, हे महिनोन् महिने रेंगाळतं. 51 वर असताना मी तरी घाई करणार नाही.

घ्यायचंच असेल तर 1000 मिग्रॅ म्हणजे 4 मिली एरंडेल तेल, कुल्ल्याच्या स्नायूत खोल आणि सावकाश, निदान 2 मिनिटं. घाईत ढकललं आणि तेल रक्तवाहिनीत गेलं तर फुफ्फुसात पोचतं: अचानक खोकल्याची उबळ, धाप, घाम. म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

काठावरचा: बदललंच तर मधे खंड ठेवायचा का?

सांजवेळ: नाही. एनन्थेटची पुढची तारीख असेल त्या दिवशी पहिलं अनडेकॅनोएट, दुसरं 6 आठवड्यांनी, मग 10 ते 14 आठवड्यांचं अंतर. ते 6 आठवड्यांचं कुणीतरी विसरतं, थेट 12 वर जातं, पातळी घसरते आणि खापर औषधावर फुटतं.

तिसरापहर: तपासणीसाठी रक्त कधी द्यायचं यावरही सगळं अवलंबून आहे. एनन्थेटवर दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्ये, अनडेकॅनोएटवर पुढच्या इंजेक्शनच्या आधी. सुईनंतर दोन दिवसांनी दिलेल्या रिपोर्टवर डोस कमी करायला जाल तर गळाठा आणखी वाढेल. आठवड्याचं वेळापत्रक सुरू केल्यावर 5-6 आठवडे थांबा, मग तपासा. अनडेकॅनोएटवर पातळी कमी आली तर डोस न वाढवता अंतर कमी करतात.

आणि मूल हवं असेल तर यातलं काहीच चालू करण्याआधी बोला. शुक्राणूंची निर्मिती दोन्हींमुळे दबते.