प्रौढ व्यक्तीच्या आहारविकारात घरच्यांनी आणि वाडीने साथ कशी द्यावी?

प्रश्न (गुहागर तालुका)
माझ्या ३६ वर्षांच्या जावेला डॉक्टरांनी बुलिमिया (ताबा सुटून खूप खाणे आणि मग उलटी करून ते बाहेर काढणे, असा आहारविकार) असल्याचे सांगितले आहे. जेवण झाले की ती परसातल्या न्हाणीत जाऊन उलटी करते आणि सोमवार, संकष्टी अशा उपासांच्या आड जेवण टाळते. उपचारासाठी रत्नागिरीला महिन्यातून एकदाच जाणे जमते. मधल्या दिवसांत आम्ही आणि बचत गटातल्या बायकांनी काय करावे? गणपतीत तर घरी पंचवीस पाने असतात.

उत्तर (मालवण)
ताई, मी स्वतः या आजारातून गेले आहे. जेवणानंतरचा तासभर सर्वांत कठीण असतो. शेजारच्या काकू त्या वेळी मला पडवीत वाती वळायला बोलावत. आजाराचा विषय त्या कधीच काढत नसत, पण हात गुंतलेले असले आणि जवळ माणूस असले की ती वेळ टळत असे. याउलट एका हळदीकुंकवाला कोणीतरी कौतुकाने म्हटलेले ‘तब्येत सुधारली हो तुझी’ हे वाक्य मला आठवडाभर सलत राहिले. पाळत मात्र ठेवू नका. न्हाणीच्या दाराशी उभे राहिलात, तर ती फक्त जागा बदलेल.

उत्तर (परिचारिका, देवगड)
गटात सांगण्यापूर्वी तिची संमती घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. उपाशी राहिल्याने पुढच्या खाण्यावरचा ताबा सुटतो आणि मग पुन्हा उलटी होते, म्हणून दर तीन-चार तासांनी थोडे खाणे हा उपचाराचाच भाग असतो. वारंवार उलटीने रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, धडधड किंवा उलटीत रक्त दिसल्यास थेट दवाखाना गाठा. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, नुसती चूळ भरावी. मधल्या काळात १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते.

प्रश्नकर्ती
तिला विचारले. गटात नको, शेजारच्या वहिनींना सांगितलेले चालेल, असे ती म्हणाली. पंगतीत तिला माझ्या शेजारी बसवीन आणि मोदकाचा आग्रह कोणी करणार नाही, हे सासूबाईंनी स्वतःहून मान्य केले आहे. हरतालिकेच्या निर्जळी उपासाचे मात्र काय करावे?

परिचारिका
तो या वर्षी नको. डॉक्टरांनी तिच्यासमोर सासूबाईंना तसे सांगितले, तर उपास सोडल्याचा दोष तिच्या माथी येणार नाही.