युद्ध जवळ आले की युरोपीय संघाला पाठिंबा वाढतो का? लघुप्रबंधासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय एकीकरणाला असलेला जनतेचा पाठिंबा कसा बदलला, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. संकट दाराशी आले की माणसे एकत्र येतात, हे गृहीतक मांडायला सोपे आहे. उदाहरणे तपासू लागले की मात्र ते डळमळते.

डेन्मार्कच्या मतदारांनी संघाच्या नियमांतून मिळालेल्या सवलती सोडायला २००० साली युरो चलनाच्या आणि २०१५ साली न्यायविषयक सहकार्याच्या प्रश्नावर नकार दिला होता. त्याच मतदारांनी १ जून २०२२ च्या सार्वमतात संरक्षणविषयक सवलत सोडण्याच्या बाजूने सुमारे ६७ टक्के मते दिली. याउलट मोल्दोव्हा युक्रेनला अगदी खेटून आहे आणि त्याच्या ट्रान्सनिस्ट्रिया भागात रशियन सैन्य आहे, तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये संघप्रवेशाचे उद्दिष्ट राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव काठावर संमत झाला, तोही परदेशस्थ मतदारांच्या बळावर. सीमेपासूनचे अंतर मोजून काम भागत नाही, हे उघड आहे. माझ्या मते डेन्मार्कचा होकार सुरक्षेला होता, एकीकरणाला नव्हे. फिनलंडचे लोकमत तर नाटोकडे झुकले, आणि तो देश संघात १९९५ पासूनच आहे.

मार्गदर्शक सार्कशी तुलना सुचवतात. मला ती पटत नाही, कारण तेथे वैर सदस्यांमध्येच आहे. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही.

आता मुख्य अडचण. युरोपीय सामाजिक सर्वेक्षण (ईएसएस) या अनेक देशांत फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या जनमत पाहणीच्या दहाव्या फेरीच्या मुलाखती काही देशांत आक्रमणाच्या सुमारास चालू होत्या, म्हणून त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या उत्तरांची तुलना करण्याचा माझा विचार आहे. पण शेवटी मुलाखत देणारे बहुधा सहज हाती न लागणारे लोक असतात. त्यांचे वय, शिक्षण, नोकरी वेगळी असेल, तर दिसणारा फरक युद्धाचा की नमुन्याचा, हे कसे ठरवावे? केवळ भारांकन (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांच्या उत्तरांना त्या प्रमाणात वजन देणे) पुरेल, की तारखेच्या आसपासचे मोजके आठवडेच घ्यावेत? त्यातच इंधनाची दरवाढही याच काळातली, तिचा परिणाम वेगळा काढता येईल का? सर्वेक्षणांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे. मी विश्लेषणासाठी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणकप्रणाली वापरते.