रामापिथेकसला बारावीच्या धड्यातून काढावं का?

खडकवेडा:
भाची नीटची तयारी करतेय. तिच्या बारावीच्या पुस्तकात दीड कोटी वर्षांपूर्वीचे ड्रायोपिथेकस आणि रामापिथेकस हे जीवाश्मांतून कळलेले वानर आहेत, त्यातला रामापिथेकस म्हणे 'जास्त माणसासारखा'. अहो, ते मत मोडीत निघून चाळीस वर्षं झाली!

जीवाश्म शोधणाऱ्या जी. एडवर्ड लुईसला १९३२ मध्ये हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ काय मिळालं, तर वरच्या जबड्याचा एक तुकडा आणि त्यात थोडे दात. उरलेला जबडा अंदाजाने जोडल्यावर दातांची कमान माणसासारखी गोल दिसली. साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या जीवाश्म-अभ्यासकांनी त्याला थेट आपल्या वंशात बसवलं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या दुसऱ्या जीवाश्म वानराचा चेहरा सापडला, तो ओरांगउटान या आशियाई वानराच्या वळणाचा. रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसच, असं ठरलं. मग धड्यात हा अजून कशाला?

मुळ्येबाई:
मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. काढू नये असं माझं मत. १९६७ मध्ये विन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिनची तुलना करून सांगितलं, की माणसाची वाट आफ्रिकी वानरांपासून वेगळी होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झालीत. हाडंवाल्यांनी ते उडवून लावलं. शेवटी पिलबीमनेच स्वतःचं मत बदललं. मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

खडकवेडा:
बाई, तुम्ही सांगता ती गोष्ट पुस्तकात आहे कुठे? तिथे एक ओळ आहे, घोकायला.

पहिलाप्रयत्न:
परीक्षेत ती ओळ आली तर मी तीच लिहिणार. मार्क तुम्ही देणार का?

सह्यकडा:
आपल्याकडचं तेवढं काढायचं! चाडच्या वाळवंटात २००१ मध्ये मिळालेल्या, माणसाचा पूर्वज म्हणवल्या जाणाऱ्या टूमाई या जीवाश्माचं काय? कवटी ७० लाख वर्षांपूर्वीची, चेपलेली. मांडीच्या हाडावरून २०२० मध्ये एक गट म्हणाला, हा दोन पायांवर चालत नव्हता. २०२२ मध्ये दुसरा म्हणाला, चालत होता. तो मात्र पूर्वज?

लेमूरप्रेमी:
टूमाईवर शंका घ्या, मीही घेतो. पण त्याचं वय निदान माणूस-चिंपांझी कधी वेगळे झाले याच्या आताच्या डीएनए हिशेबात बसतं. दीड कोटी वर्षांपूर्वी माणूस आणि चिंपांझी वेगळे झालेच नव्हते, मग पुस्तकातल्या त्या दोन वानरांतला एकच 'माणसाकडचा' कसा?

आणि भारताचंच काही हवं असेल तर सुरतेजवळची वस्तानची लिग्नाइट खाण बघा. तिथले प्रायमेट (लेमूर, माकडं, माणूस येतात त्या गटातले प्राणी) जवळपास साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे, मुठीत मावतील एवढे. त्यांच्या हातापायांची हाडं इतकी आदिम, की लेमूरची फांदी आणि माकड-माणसांची फांदी नुकत्याच फुटल्यासारख्या वाटतात. नीटवाल्यांना याचा पत्ताही नसतो.

सह्यकडा:
म्हणजे सगळी सुरुवात भारतातच!

लेमूरप्रेमी:
असं मी म्हटलं नाही. त्याच सुमाराचा आर्किसिबस हा प्रायमेट चीनमधल्या हुबेईत मिळालाय. उड्या मारू नका.

मुळ्येबाई:
@खडकवेडा, ती ओळ जावी, हे मला मान्य. पण तिच्या जागी 'शिवापिथेकस हा ओरांगउटानचा पूर्वज' एवढंच लिहाल, तर तेही घाईचंच. १९९० मध्ये त्याच्या दंडाच्या हाडांचं वर्णन आलं, ती ओरांगउटानसारखी नाहीत. चेहरा एक सांगतो, दंड दुसरंच. हे दोन्ही छापायला अर्धं पान लागेल, आणि मला ते अर्धं पान हवंय.