शिकायला मिळतं, पण संध्याकाळ जाते

मोठ्या टेक कंपनीत माणूस नुसता यंत्रातला खिळा होतो, शिकायला काही मिळत नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीजवळच्या अशाच एका कंपनीत मी नऊ वर्षं काढली. पहिल्या महिन्यात चाळीसेक ओळींचा कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायला टाकला, तर त्यावर सत्तावीस कमेंट्स! त्यातली एक अजून आठवते : 'हे दोनदा चाललं तर?' पेमेंटचं काम होतं. नेटवर्क मध्येच तुटून तीच रिक्वेस्ट परत गेली असती, तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेले असते. आधीच्या छोट्या कंपनीत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

त्रास आहे तो घड्याळाचा. कॅलिफोर्नियातल्या टीमची सकाळी नऊची मीटिंग म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि तिकडे नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेदहा. डोंबिवलीला पोचून, लेकीला कसंबसं भरवून, स्वयंपाकघराचं दार लावून मी कॉल घ्यायचे. आपल्या महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. पण घरून घेतलेल्या कॉलला काम म्हणून धरतंय कोण?

म्हणून नवीन मुलींना माझं कळकळीचं सांगणं : पगाराचं बोलतानाच आठवड्यात रात्रीचे कॉल किती, ऑन-कॉलची (अवेळी बिघाड झाला तर धावून जायची) पाळी कितव्या आठवड्याला येते, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.