व्हीव्हीएस की व्हीएस? आधी हिऱ्याचा आकार (शेप) ठरवा

एकांनी साखरपुड्याच्या अंगठीसाठी १ कॅरेटचा लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा विचारला आहे आणि बहुतेकांनी 'व्हीव्हीएसच्या खाली जाऊच नका' असं सुचवलंय. मला ते पटत नाही. व्हीव्हीएस आणि व्हीएस हे हिऱ्याच्या क्लॅरिटीचे, म्हणजे आतून तो किती स्वच्छ आहे याचे ग्रेड; व्हीव्हीएस वरचा, आणि प्रत्येकात १ हा २ पेक्षा चांगला. ते खडा १० पट मोठा करून पाहून दिलेले असतात. व्हीव्हीएस-१ आणि व्हीएस-१ मधला फरक बोटातल्या अंगठीत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

राउंड ब्रिलियंट (गोल आकार) घेणार असाल तर व्हीएस-१ किंवा व्हीएस-२ पुरे. त्याच्या असंख्य पैलूंच्या लखलखाटात बारीक ठिपके लपतात. एमराल्ड कटचं (लांबट चौकोनी आकाराचं) तसं नाही. त्याचे लांब, सपाट पैलू खिडकीच्या काचेसारखे आतलं सगळं दाखवतात. तिथे मात्र व्हीव्हीएसचा आग्रह जरूर धरा.

लॅबग्रोनमध्ये ग्रेडइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व खडा कसा वाढवलाय याला आहे. सीव्हीडी (वायूतून थर चढवून वाढवण्याच्या) पद्धतीच्या खड्यात कधी तपकिरी झाक किंवा धूसरपणा असतो. एचपीएचटीमध्ये (जास्त दाब आणि तापमानाच्या पद्धतीत) धातूचे सूक्ष्म कण अडकू शकतात, कधी निळसर छटा येते. असा धूसर व्हीव्हीएस स्वच्छ व्हीएस-२ पुढे निस्तेज दिसतो, आणि क्लॅरिटीच्या ग्रेडवरून हे कळेलच असं नाही. म्हणून खडा दुकानाच्या दिव्यांखाली नको, दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा.

हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेने तर ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोनला बारीक ग्रेड देणं थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवलेत. आयजीआय या दुसऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर जुने ग्रेड अजून मिळतात. व्हीव्हीएसऐवजी व्हीएस घेऊन वाचलेले पैसे चांगल्या कटवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या दर्जावर घाला. पुनर्विक्रीत लॅबग्रोनला फारसं मोल येत नाही, व्हीव्हीएस असला तरी.