बर्फ तरंगतो ते ठीक, वितळतो त्याचं काय?

बर्फ तरंगतो म्हणून थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात, पण कोकणात तळी गोठत नाहीत मग बर्फ तरंगतो की बुडतो याचं आपल्याला काय, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते अर्धंच पटलं. तरंगण्याशी नसेल, पण वितळण्याशी आपला रोजचा संबंध आहे राव! हर्णैला मामाची बोट होती, सुट्टीत बंदरावर पडीक असायचो. बर्फाच्या लाद्या फोडून चुरा बोटीत भरायचे आणि मग बांगड्याचा एक थर, चुऱ्याचा एक थर असं चालायचं, कुणी नुसता वरून बर्फ टाकला की मामा खवळायचा. तेव्हा वाटायचं, एवढी मेहनत कशाला, गार पाणी ओता की.

नंतर कळलं, 1 किलो पाणी 1 अंशाने तापायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात आणि 0 अंशाचा 1 किलो बर्फ नुसता वितळायला 334, म्हणजे तेवढ्यात तेच पाणी जवळपास 80 अंशांपर्यंत तापलं असतं! आणि वितळताना बर्फ ही उष्णता माशाकडूनच ओढून घेतो. शिवाय बर्फ शिल्लक आहे तोवर ते सगळं शून्याच्या आसपासच राहतं, मासा गोठतही नाही आणि नासतही नाही लवकर, आणि वितळलेलं पाणी प्रत्येक बांगड्याला चाटून खाली जाताना रक्त, बुळबुळ पण घेऊन जातं.

आणि हो, 4 अंशाला पाणी सगळ्यात जड असतं असं म्हणतात ना, ते गोड्या पाण्याचं झालं. समुद्राचं खारं पाणी थंड होताना गोठेपर्यंत जडच होत जातं, आणि ते गोठतं उणे 1.8 अंशांच्या आसपास.