कन्सोल हँग होतो तेव्हा : किनाऱ्यावरच्या घरांतले अनुभव

खाडीकाठ (वेंगुर्ले)

गणपतीसाठी माळा झाडताना समयांच्या पेटीमागे अण्णांची वही सापडली. अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज खात्यात लाइनमन होते आणि निवृत्तीनंतरही कोणत्याही बिघाडाची नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ही वही मात्र माझ्या प्लेस्टेशन ४ ची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलची आहे. मुंबईच्या दादाने तो कन्सोल २०१६ च्या मे महिन्यात आणून दिला आणि पाऊस सुरू होताच तो हँग होऊ लागला. चित्र जागच्या जागी थिजायचे, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहायचा, कंट्रोलरचा दिवा चालू असूनही कोणतेच बटण दाद देत नसे आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करावा लागे. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "आदी बघ, मगे हात लाव."

त्यांनी रकाने आखले : तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, कोणता गेम, पंख्याचा आवाज आणि मल्टिमीटरवर दिसलेला व्होल्टेज. सातवा रकाना आईच्या सांगण्यावरून आला. स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ आज सुके आहे की त्याला पाणी सुटले आहे, एवढेच त्यात लिहायचे होते. हँग झाल्याच्या २१ नोंदी झाल्यावर अण्णांनी वही माझ्यापुढे ठेवली. त्यांतल्या १८ वेळा कन्सोल पहिल्या पंधरा मिनिटांत हँग झाला होता आणि त्या प्रत्येक वेळी मीठ ओले होते. दोन तास खेळून तो चांगला तापल्यावर असे एकदाही घडले नव्हते. दोष उष्णतेचा असता तर नेमके उलटे दिसले असते. व्होल्टेज १९० पासून २३५ पर्यंत हलत होता, पण त्याचा हँग होण्याशी काही मेळ लागत नव्हता.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, कन्सोल पश्चिमेच्या खिडकीखाली होता आणि त्याचा पंखा तीच खारी हवा आत ओढत होता. आतल्या सर्किट बोर्डावर बसलेला क्षाराचा थर कोरडा असेपर्यंत फारसा त्रास देत नाही, पण तो ओला झाला की त्यातून वीज झिरपते आणि शेजारच्या दोन पिनांमध्ये नको तो मार्ग तयार होतो. कन्सोल तापला की थर वाळत असे आणि मग सारे सुरळीत चाले. वॉरंटी संपेपर्यंत खोलायचे नाही असे ठरवून तो पावसाळा आम्ही कन्सोल आतल्या खोलीत हलवून काढला. पुढच्या वर्षी तो उघडून चटकन उडून जाणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी बोर्ड पुसला, दोन दिवस वाळू दिला आणि मगच जोडला. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत वहीत हँग झाल्याची एकच नोंद आहे.

अण्णांना जाऊन तीन वर्षे झाली. वहीतले त्यांचे अक्षर वाचताना वाटले की किनाऱ्यावरच्या इतर घरांतही असे काही घडले असेल. कारण सापडले नसले तरी अनुभव जरूर लिहावा.

माडाखाली (मालवण)

मिठाचा रकाना वाचून मी उठून आमची बरणी पाहून आले. आमच्याकडे मात्र दोष उष्णतेचाच होता. कन्सोलवर धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी स्वतः विणलेले क्रोशाचे झाकण त्यावर घातले होते आणि ते दिसायला इतके सुंदर होते की काढावे असे कुणाच्या मनातही आले नाही. वर तो टीव्हीच्या काचेच्या कपाटात बंद. या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ५ ते ३५ अंश तापमानात वापरावे असे छापलेले आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी बंद कपाटातली हवा ती मर्यादा सहज ओलांडते. पंखा विमानासारखा घोंघावू लागल्यावर पंचवीस-तीस मिनिटांत चित्र थांबत असे. कपाटाचे दार काढून टाकले आणि कन्सोलच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवली, एवढ्यानेच निभावले. झाकण आता पाटावर असते.

जांभा (राजापूर)

वहिनी, आमच्याकडेही तापण्याचाच प्रश्न होता, पण तो मोकळी जागा ठेवून सुटला नाही. घराजवळ चिऱ्यांची खाण आहे आणि ट्रक गेला की लाल धूळ कौलांच्या फटींतून थेट खोलीत उतरते. कन्सोल उघडला तेव्हा हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये लाल मातीची वडी बसावी तसा थर होता. तो हवेने उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण बाहेरच्या हवेने पंखा वेगाने फिरला तर तोच जनित्रासारखा वीज निर्माण करतो आणि बोर्डाला धोका पोहोचू शकतो. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्टही वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. आता दर दिवाळीला आणि मे महिन्याच्या शेवटी बाहेरच्या झरोक्यांवरून कोरडा ब्रश फिरवतो.

ओटीवरून (श्रीवर्धन)

मी यातली जाणकार नाही. मुलगा नववीत आहे, त्याचे बाबा जहाजावर असतात, आणि त्यांनी पाठवलेला कन्सोल गेला महिनाभर संध्याकाळी हँग होतो. तो बिघडला या विचाराने मुलगा फार खट्टू झाला आहे. मला यंत्र उघडण्याचे धाडस होत नाही. न उघडता काय पाहता येईल, हे कुणी सांगेल का?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

ताई, यंत्र मुळीच उघडू नका. एक वही घ्या, मुलालाच लिहायला बसवा आणि आठवडाभराने इथे सांगा. मिठाचा रकाना विसरू नका.

निळी छत्री (रत्नागिरी)

ताई, वही चालू असताना एक गोष्ट आजच करून ठेवा. पेनड्राइव्ह लावून सेटिंग्जमधून मुलाचा सेव्ह्ड डेटा, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, त्यावर उतरवून घ्या. मी हे केले नव्हते आणि त्याची हळहळ अजून वाटते.

माझा कन्सोल वसतिगृहाच्या खोलीत होता. तो सकाळी हँग व्हायचा, रात्री व्हायचा, मुख्य मेन्यूवरसुद्धा व्हायचा, त्यामुळे उष्णता आणि ओल या दोन्हींवरचा माझा संशय लवकरच गेला. हँग होण्याआधी आतून बारीक टक् टक् असा आवाज येई आणि गेम उघडायला पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ लागे. एका मित्राने सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांचा वेगळा मेन्यू, दाखवला. कन्सोल पूर्ण बंद करायचा, मग पॉवरचे बटण दाबून धरायचे. पहिली बीप लगेच ऐकू येते, साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप आली की बटण सोडायचे आणि कंट्रोलर यूएसबी केबलने जोडायचा, कारण त्या अवस्थेत तो बिनतारी चालत नाही. प्लेस्टेशन ४ मध्ये तिथला पाचवा पर्याय रिबिल्ड डेटाबेसचा आहे. कन्सोलच्या आतल्या डिस्कवर काय कुठे ठेवले आहे याची यादी तो नव्याने तयार करतो आणि गेम किंवा सेव्ह पुसत नाही. सहावा आणि सातवा पर्याय मात्र सगळे काही पुसून टाकतात, म्हणून घाईत खालचे बटण दाबले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

रिबिल्ड केल्यावर चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले, तेव्हा डिस्कच संपत आली आहे हे स्पष्ट झाले. या कन्सोलमध्ये लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची साटा डिस्क असते आणि ती बदलण्याची सोय बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे, त्यासाठी मुख्य बोर्डापर्यंत जावे लागत नाही. मी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घातली. पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचा फोल्डर, त्यात अपडेट नावाचा फोल्डर आणि त्यात सिस्टीम सॉफ्टवेअरची पूर्ण फाइल ठेवली. नेहमीच्या अपडेटची लहान फाइल नव्या डिस्कसाठी चालत नाही, या एका गोष्टीत माझे दोन दिवस गेले. त्यानंतर कन्सोल एकदाही हँग झालेला नाही. जुन्या डिस्कवरची अकरा महिन्यांची प्रगती मात्र गेली.

वाशिष्ठी (चिपळूण)

अकरा महिने वाचून गलबलले. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होते आणि धाकट्याचा कन्सोल दुसऱ्या फळीवर होता. गाळ धुतला, दहा दिवस वाळवला, सुरूही झाला, पण मेन्यू दिसला की दोन मिनिटांत थिजायचा. तंत्रज्ञाने बोर्ड पाहिला तेव्हा चिपांच्या खालपर्यंत हिरवट गंज गेला होता. डिस्क शाबूत होती, म्हणून आम्ही तीच दुसऱ्या कन्सोलमध्ये घालण्याची आशा धरली, तेव्हा कळले की डिस्कवरची माहिती त्या एका कन्सोलपुरतीच एन्क्रिप्ट केलेली असते आणि दुसरा कन्सोल ती वाचू शकत नाही. चार वर्षांचा त्याचा फुटबॉल क्लब त्या डिस्कमध्ये आहे. ती आम्ही टाकून दिलेली नाही.

माडाखाली (मालवण)

टाकूही नका. पोराची चार वर्षे आहेत ती.

सुपारीची बाग (दापोली)

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर संध्याकाळी तासभर कन्सोल चालायचा आणि इंधन संपले की सूचना न देता सगळेच बंद पडायचे. वीज नीट आल्यावर एक गेम एकाच पुलावर, अगदी त्याच पावलावर हँग होऊ लागला. बाकीचे सगळे गेम व्यवस्थित चालत. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली की त्या ठिकाणची माहिती अर्धवट राहते, हे त्यामागचे कारण. तो एक गेम काढून पुन्हा टाकला आणि पूल ओलांडला. त्यानंतर मी स्टॅबिलायझर घेतला.

खाडीकाठ (वेंगुर्ले)

स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, वीज गेल्यावर तो काहीच करू शकत नाही. त्या कामासाठी लहान यूपीएस हवा, म्हणजे कन्सोल नीट बंद करण्याइतकी पाच मिनिटे हातात राहतात. आमच्या कन्सोलच्या पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते, म्हणून संध्याकाळी व्होल्टेज उतरला तरी अण्णांना त्याची फारशी चिंता वाटली नाही. आपापल्या यंत्रावरचा आकडा मात्र प्रत्येकाने वाचावा.

सुपारीची बाग (दापोली)

पटले. या आठवड्यात यूपीएस पाहतो.

सड्यावरून (देवगड)

परतीच्या पावसातली वीज हे आमच्याकडचे कारण ठरले, पण आधी आम्ही त्याला हँग होणेच समजत होतो. चित्र जायचे, कन्सोलचा पंखा आणि दिवा मात्र चालू. एकदा पडदा काळा असताना मुलीने सवयीने बटणे दाबली आणि कंट्रोलर थरथरला, तेव्हा लक्षात आले की गेम आत चालूच आहे, फक्त चित्र टीव्हीपर्यंत पोहोचत नाही. आदल्या आठवड्यात गडगडाटात केबलच्या तारेवाटे आलेल्या धक्क्याने टीव्हीला चित्र पाठवणारा एचडीएमआयचा पोर्ट अर्धवट जळला होता. कन्सोल थांबला आहे की केवळ चित्र थांबले आहे हे आधी तपासावे, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. आता आभाळ गुरगुरले की आम्ही प्लगच नव्हे, एचडीएमआय आणि केबलची तारही काढून ठेवतो.

पेठेतले दुकान (सावंतवाडी)

मी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून एक कळकळीची विनंती. हँग होणारा कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवावा, असा सल्ला अजूनही कुणीतरी देते. हा सल्ला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलच्या काळातला आहे. त्या यंत्रात तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी चिपच्या आतल्या जोडण्यांना तडे जात, आणि २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्याकरिता एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. टॉवेलने तापवून यंत्र घटकाभर सुरू झाले तरी तडा बुजत नाही, उलट वाढतो आणि आग लागण्याचे भय वेगळेच. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या कन्सोलांत ओल आणि क्षार हेच दोष अधिक दिसतात. पॉवर सप्लायच्या उबेला झुरळेही आत घर करतात, तेव्हा स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीशी कन्सोल ठेवू नये.

जुनी कॅसेट (गुहागर)

पिवळ्या कॅसेटचे गेम अडकायचे तेव्हा आम्ही भावंडे कॅसेटमध्ये फुंकर मारत असू. बाजारातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी हात धरून थांबवले आणि सांगितले की तोंडातल्या वाफेने पट्ट्यांना गंज चढतो. त्यांनी साध्या खोडरबराने पट्ट्या पुसून दिल्या. भाऊबीजेला तो खोडरबर अजून आठवतो.

ओटीवरून (श्रीवर्धन)

आठवडा झाला, म्हणून कळवते. मुलाने नऊ नोंदी लिहिल्या आहेत. नऊही वेळा तोच फुटबॉलचा गेम होता आणि तो सामना सुरू होण्यापूर्वीच्या पडद्यावरच थांबतो. मीठ पाच वेळा ओले, चार वेळा सुके. पंख्याचा आवाज नेहमीचा. पेनड्राइव्हवर सेव्ह उतरवला आहे.

निळी छत्री (रत्नागिरी)

ताई, नोंदी फार छान ठेवल्या आहेत. एकच गेम आणि एकच जागा असेल तर दापोलीच्या पुलासारखेच दिसते. आधी पाचवा पर्याय करून पाहा, फरक पडला नाही तर तेवढा गेम काढून गेमच्या तबकडीवरून पुन्हा टाका. सेव्ह वेगळा राहतो, तो पुसला जात नाही, शिवाय तुमच्याकडे प्रत आहेच.

ओटीवरून (श्रीवर्धन)

दोन्ही केले. पाचव्या पर्यायाने फरक पडला नाही. गेम काढून पुन्हा टाकला आणि काल संध्याकाळी तो पडदा पहिल्यांदा सरला. मुलाने उठून बाबांना संदेश पाठवला. हँग झाला नाही तेव्हाही वहीत लिहायचे का?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

लिहा, ताई. अण्णांच्या वहीत निम्म्याहून अधिक ओळी तशाच आहेत.

ओटीवरून (श्रीवर्धन)

लिहिले. दहावी नोंद : संध्याकाळी ६.३०, दीड तास, फुटबॉल, ठीक. मीठ ओले.